मधल्या दर्जाच्या जुन्या रोड सायकलीची फेरविक्रीची किंमत कशी ओळखावी

शिकागोच्या उपनगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की सामान विकून घर मोकळे करणाऱ्यांच्या पाट्या कोपऱ्याकोपऱ्यावर लागतात, आणि त्यांतल्या पुष्कळ गॅरेजांत दहा किंवा बारा गिअरची एखादी जुनी सायकल भिंतीला टांगलेली असतेच. अशाच एका गॅरेजात मला दोन सायकली शेजारी शेजारी दिसल्या. एक होती हिरवी श्विन व्हर्सिटी. मालकाने ती पुसून लख्ख केली होती, टायरांत हवा भरली होती आणि हँडलला २५० डॉलरची चिठ्ठी बांधली होती. दुसरी होती करड्या रंगाची युनिवेगा. तिचे दोन्ही टायर भेगाळून बसले होते, सीट फाटली होती, हँडलची टेप सुटून लोंबत होती आणि चिठ्ठीवर ६० डॉलर लिहिले होते. मी तेथे असेपर्यंत आलेली तिन्ही गिऱ्हाइके व्हर्सिटीपाशीच थांबली. फेरविक्रीच्या दृष्टीने मात्र युनिवेगाच मोलाची होती, आणि ते कळायला दहा मिनिटे, एक विजेरी आणि एक व्हर्नियर कॅलिपर एवढे पुरले. त्या दहा मिनिटांत काय पाहायचे, कोणत्या क्रमाने पाहायचे आणि जे दिसले त्याचा पैशांत हिशेब कसा मांडायचा, हे येथे सविस्तर सांगतो.

आधी मनातला एक समज बाजूला ठेवावा लागतो. आपण अॅटलस, हिरो, हर्क्युलस या काळ्या, दणकट सायकलींवर वाढलो, त्यामुळे जड ते टिकाऊ हे आपल्या हाडीमांसी भिनलेले असते. धान्याचे पोते किंवा डबलसीट माणूस वाहणाऱ्या सायकलीबाबत ते खरेही आहे. रोड सायकलीच्या बाजारात मात्र वजन हा सहसा स्वस्त पोलादाचा पुरावा असतो. व्हर्सिटीचे वजन १७ ते १८ किलो भरते, क्रोम-मॉली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची मधल्या दर्जाची सायकल ११ ते १२ किलोची असते. दोन्ही सायकली एका हाताने उचलून पाहिल्या तरी निम्मे उत्तर मिळते.

मधला दर्जा म्हणजे कोणता

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी सायकलींची मोठी लाट आली. १९७० मध्ये सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या, तर १९७३ मध्ये हा आकडा दीड कोटीच्या घरात पोहोचला. देशातल्या कारखान्यांना मागणी पुरवता येईना, तेव्हा फ्रान्समधून प्यूजो आणि मोटोबेकेन, इंग्लंडमधून रॅले, आणि पाठोपाठ जपानमधून फुजी, निशिकी, सेंच्युरियन, मियाता अशा सायकली बोटी भरभरून आल्या. एक-दोन वर्षांतच ती लाट ओसरली, लोकांची हौस फिटली आणि सायकली गॅरेजांत टांगल्या गेल्या. त्या आजही तेथून बाहेर पडत आहेत. म्हणून पन्नास वर्षांचे वय ही या बाजारात दुर्मीळ गोष्ट नाही, आणि नुसत्या जुनेपणाला कोणी दाम देत नाही.

या सायकलींची सर्वांत खालची पायरी म्हणजे साध्या पोलादाच्या नळ्या, स्टीलच्या रिमा आणि कॉटर पिनेने, म्हणजे आडव्या खिळीने, बसवलेले क्रँक (पेडलचे हात). सर्वांत वरची पायरी म्हणजे इटलीच्या कँपान्योलो सामानाने सजवलेल्या शर्यतीच्या सायकली. त्यांचा संग्राहक वेगळा आणि हिशेबही वेगळा. या दोहोंच्या मध्ये जे आहे त्याविषयी मी बोलतो आहे: मुख्य नळ्या तरी चांगल्या मिश्रधातूच्या, रिमा अॅल्युमिनियमच्या, गिअर-ब्रेकचे सामान शिमानो किंवा सनटूर या जपानी कंपन्यांचे. ही सायकल संग्राहक फारशी घेत नाहीत. ती घेतो रोज कॉलेजला, स्टेशनला किंवा कामावर जाणारा माणूस. तिची किंमत ठरवताना हा चालवणारा माणूस डोळ्यांसमोरून हलू देऊ नये, कारण त्याला जे उपयोगी तेच येथे विकले जाते.

पायरी पहिली: नाव वाचावे, पण नावावर थांबू नये

एकाच कंपनीने तळापासून शिखरापर्यंत सर्व दर्जांच्या सायकली बनवल्या आहेत. प्यूजोची यूओ-८ साध्या पोलादाची, तर पीएक्स-१० रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची; दुरून दोघी बहिणी वाटतात, पण किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. रॅलेमध्ये सत्तरच्या दशकातील ग्रां प्री साध्या पोलादाची आणि तिच्या वरची सुपर कोर्स मुख्य नळ्यांपुरती ५३१ ची. श्विनच्या व्हर्सिटी आणि काँटिनेंटल शिकागोत बनलेल्या आणि जड, तर १९७४ पासूनची ल टूर जपानमध्ये बनवून घेतलेली, हलकी. म्हणून ‘रॅले आहे’ किंवा ‘प्यूजो आहे’ या वाक्याला बाजारात अर्थ नाही. मॉडेलचे नाव आडव्या नळीवर किंवा चेनच्या बाजूच्या मागच्या नळीवर असते. ते पुसले गेले असेल तर पुढच्या पायऱ्यांवर अधिक भिस्त ठेवावी.

जपानी सायकलींविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण याच गटात आजही सर्वाधिक मोल दडलेले आहे. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी १९८५ मध्ये झालेल्या प्लाझा करारापर्यंत डॉलरला सुमारे २४० येन मिळत, त्यामुळे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मध्यम दामात फार नेटके काम मिळत होते. करारानंतर येन झपाट्याने महागला, जपानमध्ये सायकल बनवून येथे विकणे परवडेनासे झाले आणि पुष्कळ उत्पादन तैवानकडे गेले. म्हणून साधारण १९८० ते १९८६ या काळातली मियाता, युनिवेगा, सेंच्युरियन, पॅनासोनिक, फुजी किंवा लोटस दिसली तर फाटक्या सीटकडे पाहून पाठ फिरवू नये. अमेरिकन सायकलींत विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरलू येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या ट्रेकच्या सुरुवातीच्या वर्षांतील हाताने झाळलेल्या फ्रेमा याच तोलाच्या आहेत.

पायरी दुसरी: फ्रेम कशाची आहे

सीटखालच्या उभ्या नळीवर नळ्यांच्या पोलादाचे स्टिकर असते आणि ते शब्दशः वाचावे लागते. रेनॉल्ड्स ५३१ हे बर्मिंगहॅमच्या कंपनीचे १९३५ पासूनचे मॅंगनीज-मॉलिब्डेनम पोलाद. परंतु ‘प्लेन गेज’ असे लिहिले असेल तर नळीची जाडी सर्वत्र सारखी असते, आणि ‘बटेड’ लिहिले असेल तर नळी मध्ये पातळ व टोकांना जाड, म्हणजेच हलकी आणि महाग असते. काही स्टिकरांवर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख असतो, काहींवर पुढचे चाक धरणारा चिमटा आणि मागच्या नळ्याही येतात. मिलानची कोलंबस, जपानची टांगे आणि इशिवाता, फ्रान्सची व्हितूस ही नावेही चांगलीच. ‘हाय टेन्साइल’ मात्र साध्या पोलादाचे सभ्य नाव आहे.

जुन्या स्टिकरांसारखी नवी स्टिकरे आता विकत मिळतात, म्हणून त्यांवर विसंबून न राहता दोन पडताळे घ्यावेत. पहिला पडताळा सीट पोस्टच्या व्यासाचा. नळीची भिंत पातळ असेल तर आतला पोस्ट जाड लागतो, म्हणून इंग्लिश, इटालियन आणि जपानी मापाच्या चांगल्या बटेड फ्रेमीत २७.२ मिलिमीटरचा किंवा त्याच्या आसपासचा पोस्ट बसतो, २५.४ ते २६.४ निघाला तर भिंत जाड आहे असे समजावे. फ्रेंच सायकलींना हा नियम जसाच्या तसा लावू नये, कारण त्यांची नळी बाहेरूनच किंचित बारीक, २८ मिलिमीटरची असते. दुसरा पडताळा मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो त्या ड्रॉपआउटचा. तो पत्र्यातून कापल्यासारखा सपाट असेल आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वेगळ्या पट्टीवर अडकवलेला असेल तर सायकल खालच्या पायरीची. तो घडीव, भरीव असेल आणि डिरेलरचा कान त्याच्याच अंगचा असेल तर वरच्या पायरीची. युनिवेगाच्या स्टिकरावर बटेड क्रोम-मॉली असे अस्पष्ट वाचता येत होते, डिरेलरचा कान अंगचाच होता, आणि मागे त्या कानाजवळ बोट फिरवल्यावर घडीव तुकड्याची गोलसर कड लागली. तेथेच माझा अंदाज पक्का झाला.

पायरी तिसरी: फ्रेम सरळ आहे का

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नवखा माणूस नेमकी हीच टाळतो. सायकल पुढून कशावर आदळली असेल तर खूण दोन ठिकाणी राहते: आडव्या नळीच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, हँडलच्या नळीपासून दोन-तीन बोटे मागे. तेथे डोळ्यांना काही दिसत नाही, कारण सावली असते. विजेरी नळीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरावी आणि नळीच्या पोटावरून बोटाचे अग्र हलके पुढे-मागे न्यावे. सुरकुती असेल तर ती बारीक लाटेसारखी बोटाला जाणवते, आणि बहुधा त्या रेषेवर रंगाला आडवा तडा गेलेला असतो. अशी सुरकुती सापडली की फ्रेमची किंमत शून्य धरावी आणि सायकलीचा हिशेब फक्त सुट्या भागांचा करावा.

मग सायकलीपासून चार पावले मागे जाऊन बाजूने चिमटा पाहावा. हँडलची नळी ज्या रेषेत खाली येते त्याच रेषेत चिमट्याचे पाय वळणापर्यंत गेले पाहिजेत. ते मागे झुकलेले दिसले तर धक्का चिमट्याने खाल्ला आहे. शेवटी एक दोरी मागच्या एका ड्रॉपआउटला बांधून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून अधिक असेल तर मागचा भाग वाकला आहे. पोलादी फ्रेम जाणकाराकडून सरळ करता येते, पण तो खर्च मधल्या दर्जाच्या सायकलीला क्वचितच परवडतो. बारीक पोचा किमतीतून दहा-वीस डॉलर कमी करतो, एवढेच. वरवरच्या गंजाला भिऊ नये. पण रंगाखाली फुगे आले असतील, किंवा सीट पोस्ट काढल्यावर नळीतून गंजाचे पापुद्रे पडले तर सावध व्हावे. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि थंडीत चालवलेली सायकल आतून सडते.

एखाद्याने घरीच डब्याने रंग मारलेली फ्रेम असेल तर मी ती सोडून देतो. नव्या रंगाखाली तडा दिसत नाही, आणि गिऱ्हाईकही हाच संशय घेते.

पायरी चौथी: काय अडकले आहे

काही वर्षांपूर्वी ५३१ चे स्टिकर पाहून मी एक सायकल घाईने घेतली. सीट थोडी खाली होती, आणि वर करायला गेलो तर पोस्ट जागचा हलेना. पोलादाच्या नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट वंगणाशिवाय वर्षानुवर्षे राहिला तर दोन धातूंमध्ये क्षरण होऊन ते एकमेकांना धरून बसतात. सहा आठवडे मी त्यात झिरपणारे तेल सोडले, सीट फिरवून पाहिली, पोस्ट व्हाइसमध्ये धरून अख्खी फ्रेम फिरवून पाहिली. अखेर हॅकसॉचे पाते आत घालून पोस्ट चिरायला घेतला आणि पाते नळीच्या भिंतीत गेले. फ्रेम वाया गेली. इतकी चांगली झाळलेली फ्रेम माझ्या हातून गेली याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मालकाची परवानगी घेऊन मी दोन गोष्टी केल्याशिवाय पैसे काढत नाही. सीटचा बोल्ट सैल करून पोस्ट थोडा फिरवून पाहतो, आणि हँडलच्या स्टेमचा, म्हणजे हँडल फ्रेममध्ये बसवणाऱ्या दांड्याचा, वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल करून त्यावर लाकडी ठोकळ्याने हलका ठोका देतो. दोन्ही सुटले तर पुढे जायचे. एखादे न सुटल्यास, ते कधीच सुटणार नाही असे धरून किंमत करायची.

पायरी पाचवी: चाके, क्रँक आणि आटे

चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबरापाशी नजर ठेवावी. थोडा आउट काढता येतो, पण रिमेला पोचा असेल तर चाक बदलावे लागते. रिमा स्टीलच्या आहेत का हे चुंबकाने कळते. स्टीलच्या रिमा पावसात ब्रेक फार उशिरा धरतात, त्यामुळे रोज चालवणाऱ्या गिऱ्हाइकासाठी त्या बदलणे मी आवश्यक मानतो आणि तो खर्च किमतीतून वजा करतो. टायरवर २७ इंच लिहिले असेल तर रिमेचा व्यास ६३० मिलिमीटर, ७००सी असेल तर ६२२. या आठ मिलिमीटरांमुळे टायर एकमेकांना चालत नाहीत. २७ इंची टायर अजून मिळतात, मात्र निवड कमी असते.

क्रँक कॉटर पिनेचे असतील तर सायकल बहुधा खालच्या पायरीची, आणि पिन काढणे त्रासाचे. चौकोनी एक्सलवर बोल्टने बसणारे अॅल्युमिनियमचे क्रँक हवेत. क्रँकचा हात धरून आत-बाहेर हलवावा; खेळ असेल तर बेअरिंगचे छर्रे आणि वंगण बदलण्यावर भागते का ते पाहावे.

फ्रेंच सायकलींच्या बाबतीत आट्यांचा प्रश्न किमतीवर थेट परिणाम करतो. त्यांच्या बॉटम ब्रॅकेटचे (क्रँकचा एक्सल जेथे फिरतो त्या भागाचे) आटे ३५ गुणिले १ मिलिमीटरचे आणि दोन्ही बाजूंना उजवे, स्टेम २२.२ ऐवजी २२.० मिलिमीटरचा, पेडलचे आटेही निराळे. मोटोबेकेनच्या काही सायकलींत तर स्विस आटे येतात. एखादा भाग बदलायची वेळ आली की साध्या दुकानात तो मिळत नाही. मी त्यामुळे तशाच स्थितीतल्या जपानी सायकलीपेक्षा फ्रेंच सायकलीला कमी देतो. मात्र तिचे सर्व मूळ भाग चालू असतील तर ही वजावट करण्याचे कारण नाही. जुन्या सिंप्लेक्स डिरेलरचे प्लास्टिक चिरलेले असते, ते वेगळे पाहावे. फ्रेंच एव्हीए स्टेम आणि लँबर्ट किंवा व्हायकाउंट सायकलींचा अॅल्युमिनियमचा चिमटा तुटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. ते बदलल्याशिवाय सायकल कोणालाही विकू नये.

पायरी सहावी: साल

शिमानोच्या भागांच्या आतल्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात: पहिले सालाचे, ए म्हणजे १९७६ असे धरून, दुसरे महिन्याचे. युनिवेगाच्या मागच्या डिरेलरवर एच आणि डी होते, म्हणजे एप्रिल १९८३. भाग नंतर बदललेला असू शकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहावे. साल १९८७ पर्यंतचे असणे एका कारणाने उपयोगी पडते. इटलीतील गायोले येथे १९९७ पासून भरणाऱ्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या फेरीत त्या काळापर्यंतच्या, तिरप्या नळीवर गिअरचे दांडे असलेल्या सायकलीच चालतात, आणि त्या फेरीने अशा सायकलींची आवड पुष्कळ वाढवली. फ्रेमवरचा नंबर उतरवून बाइक इंडेक्सच्या मोफत नोंदीत सायकल चोरीची तर नाही ना, हेही पाहावे.

पायरी सातवी: माप आणि उपयोग

५४ ते ५८ सेंटिमीटरची फ्रेम लवकर विकली जाते. आपल्याकडची बावीस इंची फ्रेम म्हणजे ५६ सेंटिमीटर, एवढे लक्षात ठेवले की अंदाज चुकत नाही. ६२ च्या पुढची फ्रेम कितीही सुंदर असली तरी महिनोन्‌महिने पडून राहते. आडवी नळी तिरपी उतरवलेल्या मिक्स्ट फ्रेमांना शहरात चांगली मागणी असते. मडगार्ड आणि कॅरिअरसाठी ड्रॉपआउटला छिद्रे असणे, थोडा रुंद टायर बसेल एवढी जागा असणे, या गोष्टी कामावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला रंगापेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

पायरी आठवी: हिशेब

विक्रीची किंमत शोधताना लोक काय मागत आहेत ते पाहू नये; काय मिळाले ते पाहावे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी निवडता येते. तेथील किमतीत सायकल खोक्यात भरून पाठवण्याचा खर्च आणि देशभरचे गिऱ्हाईक धरलेले असते, म्हणून स्थानिक किंमत त्याहून कमी धरावी. माझ्या भागात, माझ्या अनुभवात, नीट चालणारी साध्या पोलादाची सायकल १०० ते १५० डॉलरला आणि बटेड क्रोम-मॉलीची जपानी सायकल २५० ते ३५० डॉलरला जाते. त्या रकमेतून दुरुस्ती वजा करावी, मग आपल्या श्रमाचे पैसे वजा करावेत, आणि जे उरेल ती खरेदीची कमाल मर्यादा समजावी.

युनिवेगाचा माझा हिशेब असा होता. टायर-ट्यूब ६५ डॉलर, केबली आणि त्यांचे वेष्टन २५, ब्रेकची रबरे १५, चेन १५, टेप १५, वापरलेली पण चांगली सीट २०, छर्रे आणि वंगण १०, एकूण १६५. सायकल ५६ सेंटिमीटरची आणि सरळ होती, पोस्ट आणि स्टेम दोन्ही सुटत होते, म्हणून विक्री ३२० धरली. मी मालकाला भेगाळलेले टायर दाखवले, खर्च मोकळेपणाने सांगितला आणि ५० डॉलरला सौदा झाला. व्हर्सिटीविषयी त्यांनी विचारले तेव्हा १२० च्या पुढे मागू नका, असे मी त्यांना प्रांजळपणे सांगितले. ती चांगल्या बांधणीची आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, पण चढावर ती ओढायला आज कोणी तयार नसते.

सुटे भाग विकून अधिक पैसे मिळतील का, हा प्रश्न काही सायकलींत खरा असतो. ब्रुक्सची धड चामड्याची सीट किंवा शिमानो ६०० चा गिअर-ब्रेकचा पूर्ण संच फ्रेमपेक्षा महाग जाऊ शकतो. फ्रेम वाकलेली असेल तर मी तसे करतो. चालणारी सायकल मोडून विकणे मला पटत नाही.

विकताना

खरेदी नोव्हेंबरात आणि विक्री एप्रिलमध्ये करावी. किमतीतला फरक स्पष्ट जाणवतो. जाहिरातीत चेनच्या बाजूने, साध्या भिंतीसमोर काढलेले एक पूर्ण छायाचित्र, नळ्यांच्या स्टिकराचे एक, ड्रॉपआउटचे एक आणि प्रत्येक पोच्याचे एक द्यावे. फ्रेमचे माप सेंटिमीटरमध्ये, साल, पोलाद, आणि नवे घातलेले भाग नावानिशी लिहावेत. युनिवेगाची जाहिरात मी ३४० ला टाकली. दुसऱ्या शनिवारी एक विद्यार्थिनी आली, गल्लीत दोन चकरा मारून परतली, मागच्या ब्रेकचा आवाज दाखवला. मी तिच्यासमोर रबराचा कोन बदलला, आणि ३२० ला ती सायकल घेऊन गेली. खर्च जाऊन १०५ डॉलर उरले, काम साधारण सात तासांचे झाले.